हायरूलचा कालपट आणि आपला कल्पभेद

(बाग सेवनिया, भोपाळ येथे मराठीचे शिक्षक, लेखक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत 'काल्पनिक जगाची कालगणना' असा छापला आहे. साध्या शब्दांत सांगायचे तर मी एका व्हिडिओ गेमच्या मालिकेविषयी बोलणार आहे. ती खेळणारे लोक तिच्यातली कोणती घटना आधीची आणि कोणती नंतरची यावर अनेक वर्षे वाद घालत आले आहेत, त्या वादाविषयी मला सांगायचे आहे. भाषेच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर मी व्याख्यानातूनच द्यायचा प्रयत्न करतो.

मी मराठी शिकवतो. आपल्या या बाग सेवनियात रविवारी सकाळी एक छोटा वर्ग भरतो. मुले भेलच्या वसाहतीतली, साकेत नगरातली, काही होशंगाबाद रोडच्या पलीकडची. आजी-आजोबा नागपूर, अमरावती, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणांहून नोकरीसाठी इथे आले आणि इथलेच झाले. ही मुले मराठी समजतात, बोलतात, थोडे लिहितातही. मागच्या वर्षी मधल्या सुट्टीत दोघांचे जोरात भांडण चालले होते, हिंदीत आणि इंग्रजीत. विषय होता 'द लेजंड ऑफ झेल्डा' नावाच्या खेळाची टाइमलाइन. मी म्हटले, "हेच मराठीत सांगा बरे." त्यातली नववीतली मुलगी म्हणाली, "सर, मराठीत मी निबंध लिहू शकते. पण मराठीत भांडता नाही येत."

हे वाक्य मला गंभीर वाटले. ज्या भाषेत निबंध लिहिता येतो पण वाद घालता येत नाही, ती भाषा घरात पाहुण्यासारखी राहते. तिला बैठकीत बसवतात, स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. म्हणून मी ठरवले की हा वाद नीट समजून घ्यायचा आणि त्याच्यासाठी मराठीत शब्द आहेत का ते पाहायचे.

आधी मालिकेची ओळख करून देतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'द लेजंड ऑफ झेल्डा' हा पहिला खेळ २१ फेब्रुवारी १९८६ रोजी बाजारात आणला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे मुख्य कर्ते. हायरूल नावाचे राज्य, तिथली राजकन्या झेल्डा, तिच्या मदतीला येणारा लिंक नावाचा मुलगा आणि गॅनन नावाचा दुष्ट, एवढी ही गोष्ट. झेल्डा हे नाव अमेरिकन लेखक स्कॉट फिट्झजेराल्ड यांच्या पत्नीच्या नावावरून घेतलेले.

दुसरा खेळ १९८७ मध्ये आला. त्यात तोच लिंक होता, पण झोपलेली राजकन्या वेगळी होती, फार पूर्वीची. तिच्या स्मरणार्थ राजघराण्यातल्या प्रत्येक मुलीचे नाव झेल्डा ठेवायचे, अशी प्रथा पडल्याचे खेळाबरोबरच्या पुस्तिकेत सांगितले होते. म्हणजे दुसऱ्याच खेळात 'झेल्डा' हे एका व्यक्तीचे नाव न राहता परंपरेचे नाव झाले. पुढच्या खेळांत लिंकही वेगवेगळे निघाले. कुठे शेकडो वर्षांचे अंतर, कुठे हजारो. नावे तीच, तलवार तीच, शत्रू तोच, माणसे मात्र निराळी. साहजिकच खेळणारे विचारू लागले, हे सगळे कोणत्या क्रमाने घडले?

खेळ ज्या क्रमाने बाजारात आले तो क्रम आणि गोष्टीतल्या घटनांचा क्रम जुळत नाही, ही पहिली अडचण. १९९१ चा 'अ लिंक टू द पास्ट' हा पहिल्या दोन खेळांच्या आधीचा काळ सांगतो. १९९८ चा 'ऑकारिना ऑफ टाइम' त्याच्याही आधी जातो. २०११ चा 'स्कायवर्ड स्वॉर्ड' सर्वांच्या आधी, थेट मूळ कारणापर्यंत. मालिका पुढे वाढते तशी गोष्ट मागे सरकते. आपल्याला यात नवल वाटू नये. रामकथेत बालकांड आणि उत्तरकांड हे भाग नंतर जोडले गेले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. जन्माची गोष्ट पराक्रमाच्या गोष्टीनंतर रचली जाते. नायक मोठा झाल्यावरच लोक त्याचे बालपण विचारतात.

एक सुंदर उदाहरण देतो. १९८७ च्या खेळात काही गावांची नावे होती: रौरू, रूटो, सारिया, नाबूरू, दारुनिया. तेव्हा ती नुसती गावे होती. अकरा वर्षांनी १९९८ च्या खेळात हीच नावे ज्ञानी पुरुषांची आणि स्त्रियांची म्हणून आली. मग रसिकांनी म्हटले, अर्थातच, ही गावे पुढे त्या ज्ञानी लोकांच्या नावांवरून वसली! निर्मितीच्या क्रमात गाव आधी आणि माणूस नंतर. कथेच्या क्रमात माणूस आधी आणि गाव नंतर. आपल्याकडची स्थलपुराणे अशीच तयार होतात. गावाचे नाव असते, त्याला शोभेल असा राजा किंवा ऋषी मागाहून सापडतो. भोपाळ हे नाव 'भोजपाल'वरून आले असे आपण लहानपणापासून ऐकतो. 'भूपाल'वरून आले असे सांगणारेही आहेत. दोन्ही बाजूंची मंडळी तितक्याच खात्रीने बोलतात.

आता खऱ्या गाठीकडे येतो. 'ऑकारिना ऑफ टाइम'मध्ये लिंक लहान आहे. पवित्र तलवार उपसताना तो सात वर्षे झोपतो आणि तरुण होऊन जागा होतो. तो गॅननडॉर्फला हरवतो, आणि शेवटी झेल्डा त्याला पुन्हा त्याच्या बालपणात पाठवते. मग प्रश्न असा की तो परत गेल्यावर त्या तरुणपणीच्या जगाचे काय झाले? ते पुसले गेले की चालू राहिले? २००२ च्या 'विंड वेकर' या खेळाने उत्तर दिले की ते चालू राहिले. तिथे नायक नाहीसा झाला आहे, दुष्ट परत येतो आणि देवता सगळे राज्य पाण्याखाली बुडवतात. २००६ च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मध्ये दुसरी बाजू दिसते. तिथे लहान लिंक परत आला आहे आणि इतिहास निराळ्या वाटेने गेला आहे. एका प्रसंगातून दोन फाटे फुटले.

पण जुने खेळ या दोन फाट्यांपैकी एकातही बसेनात. १९९१ च्या खेळाच्या पूर्वकथेत असे होते की गॅननशी झालेल्या महायुद्धात पवित्र तलवार धरणारा कोणी नायकच मिळाला नाही, आणि ज्ञानी लोकांनी मोठी किंमत देऊन त्याला कोंडले. १९९८ च्या खेळात तर नायक आहे आणि तो जिंकतो. ही विसंगती रसिकांनी वर्षानुवर्षे चघळली. अखेर डिसेंबर २०११ मध्ये निन्टेन्डोच्या सहकार्याने जपानमध्ये 'हायरूल हिस्टोरिया' हे पुस्तक आले आणि त्यात अधिकृत कालपट छापला गेला. त्यात तिसरा फाटा होता: नायक गॅननशी लढताना हरला, असे धरले तर पुढे काय झाले. जुने खेळ सगळे त्या फाट्यावर गेले.

मुले जेव्हा मला हा आराखडा फळ्यावर काढून दाखवत होती, तेव्हा एका मुलीने सांगितले की तिने घरी आजीला हे सगळे ऐकवले. आजी म्हणाली, "अगं, त्यात काय, कल्पभेद!"

आजी कीर्तने ऐकून मोठी झालेली. कीर्तनकाराला श्रोता विचारतो, बुवा, या पुराणात ही कथा अशी आहे आणि त्या पुराणात तशी, खरी कोणती? बुवा सांगतात, दोन्ही खऱ्या. ती एका कल्पातली, ही दुसऱ्या कल्पातली. कल्प म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, माणसांची चार अब्ज बत्तीस कोटी वर्षे. प्रत्येक कल्पात सृष्टी नव्याने होते, त्याच कथा पुन्हा घडतात, पण थोड्या फरकाने. घरच्या पूजेच्या संकल्पातही आपण श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग असा आपला पत्ता सांगूनच पाणी सोडतो. तुलसीदासांनी रामजन्माची कारणे सांगताना जयविजयाचा शाप, जालंधराची कथा, नारदाचा शाप अशी अनेक कारणे दिली आणि ती वेगवेगळ्या कल्पांवर सोपवली. विसंगतीला उत्तर म्हणून काळालाच फाटा फोडायचा, ही युक्ती आपल्या परंपरेत शेकडो वर्षे वापरात आहे. २०११ मध्ये टोकियोत जे छापले गेले ते आजीला ओळखीचे वाटले यात आश्चर्य नाही.

त्या दिवशी वर्गात पहिला मराठी शब्द मिळाला. मग आम्ही आणखी शोधू लागलो. रसिक लोक ज्या पद्धतींनी वाद घालतात त्या प्रत्येकीला आपल्याकडे नाव आहे, असे दिसून आले. त्यांतल्या तीन सांगतो.

पहिली पद्धत साधनांची प्रतवारी लावण्याची. एखादी गोष्ट खेळात पात्राच्या तोंडी आली असेल तर ती किती खरी? पुस्तिकेत असेल तर? कर्त्याने मुलाखतीत सांगितली असेल तर? दोन साधने भांडली तर कोणाचे ऐकायचे? इंग्रजीत मुले 'कॅनन' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'प्रमाण' म्हणतात. श्रुती आणि स्मृती यांच्यात विरोध आला तर श्रुती प्रमाण, हा मीमांसेचा जुना नियम. महाराष्ट्राच्या इतिहासात हाच प्रश्न बखर विरुद्ध शकावली असा उभा राहिला. शिवाजी महाराजांच्या जन्माचे वर्ष बखरींच्या आधाराने १६२७ मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली. तिच्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० अशी निघाली. परमानंदाचे शिवभारत आणि राजस्थानात सापडलेली कुंडली तिच्याशी जुळली. तरी वाद चालूच राहिला आणि महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारली ती २००१ मध्ये. बखर नंतर लिहिलेली आणि रसाळ. शकावली कोरडी, पण घटनेच्या जवळची. 'रसाळ आहे म्हणून प्रमाण नव्हे' हे माझ्या वर्गातल्या मुलांना लगेच पटले. कर्त्याने वीस वर्षांनंतर मुलाखतीत सांगितलेली आठवण त्यांनी स्वतःहून 'बखर' या खात्यात टाकली.

दुसरी पद्धत थर ओळखण्याची. मूळ गोष्ट कोणती आणि नंतरची भर कोणती? याला आपण प्रक्षेप किंवा क्षेपक म्हणतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करण्याचे काम १९१९ मध्ये सुरू केले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी १९२५ पासून त्याची धुरा वाहिली. एकूण १२५९ हस्तलिखिते जमवली गेली आणि काम १९६६ मध्ये पुरे झाले. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहे, ही आपल्या सर्वांच्या मनात बसलेली कथा त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. मी हे सांगितल्यावर वर्गात थोडी खळबळ झाली. पण पाहण्यासारखी गोष्ट पुढची आहे. संपादकांनी ती कथा फेकून दिली नाही. प्रत्येक पाठभेद तळटीपेत किंवा परिशिष्टात, कोणत्या हस्तलिखितात आहे त्या नोंदीसह, जपून ठेवला. मूळ काय याचा निर्णय दिला, आणि निर्णय न पटणाऱ्यासाठी सगळा पुरावाही समोर ठेवला.

तिसरी पद्धत सर्वांत सैल आणि मला वाटते सर्वांत आकर्षक. काही रसिक म्हणतात, मालिकेचे नावच 'लेजंड' आहे, म्हणजे आख्यायिका. हे सगळे खेळ म्हणजे एकाच आख्यायिकेची निरनिराळ्या तोंडांतून सांगितलेली रूपे आहेत. त्यांना एका ओळीत बसवण्याचा हट्टच सोडा. आपल्याकडे रामाच्या अंगठीची लोककथा आहे. रामाची अंगठी भेगेतून पाताळात पडते, हनुमान ती आणायला जातो. तिथला राजा त्याच्यापुढे हजारो अंगठ्यांनी भरलेले तबक ठेवतो आणि म्हणतो, यातली तुझ्या रामाची ओळखून घे. हनुमानाला ओळखता येत नाही, कारण जितक्या अंगठ्या तितके राम होऊन गेले. कल्पभेदाचेच तत्त्व, पण लोककथेने ते तबकात मांडून दाखवले.

ही प्रवृत्ती केवळ आपली किंवा जपानची आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये शेरलॉक होम्सच्या कथांवर गंभीर शास्त्रीय चर्चेच्या थाटात निबंध वाचला. डॉक्टर वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला आहे आणि दुसरीत पायाला, अशा मुद्द्यांवर तिकडे शंभर वर्षे लेख लिहिले जात आहेत. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वीस पुस्तके हिंडला आणि शाळकरीच राहिला. त्याच्या वयाचा हिशोब कोणी मांडत नाही. का मांडू नये? फुरसुंगीच्या बन्याची जंत्री करायला आपल्या एखाद्या विद्यार्थ्याला सुट्टी पुरेल, आणि त्या निमित्ताने वीसही पुस्तके वाचून होतील.

इथवर मी साम्य सांगितले. आता फरक सांगतो, कारण शिक्षक म्हणून मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

भोपाळात आणि महाराष्ट्रात सारखीच चालणारी एक म्हण आहे: कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली. हिचे एक स्पष्टीकरण फार आवडीने सांगितले जाते. गंगू म्हणजे कलचुरी राजा गांगेयदेव आणि तेली म्हणजे चालुक्य राजा तैलप. दोघांनी मिळून भोजावर स्वारी केली, भोजाने त्यांना हरवले आणि ही म्हण पडली. स्पष्टीकरण चतुर आहे, ऐकताच पटते. पण तैलप दुसरा मरण पावला ९९७ मध्ये. भोज गादीवर आला तो साधारण १०१० च्या सुमारास. मेलेला राजा तेरा वर्षांनी स्वारीवर कसा येईल? आता कोणी म्हणेल, तेली म्हणजे तैलप नसून त्याचा वंशज. म्हणता येईल, पण तसे म्हणायला नवा पुरावा लागेल. फक्त विसंगती मिटते एवढ्या कारणाने वंशज आणता येणार नाही.

हायरूलमध्ये मात्र तेवढ्या कारणाने आणता येतो. तिथे तिसरा फाटा आणला गेला तो विसंगती मिटवण्यासाठीच, आणि त्यात काही गैर नाही, कारण ते जग रचलेले आहे. तिथे जमिनीखालून नवी शकावली निघणार नाही. नवा पुरावा त्याच कंपनीतून येतो जिथून कोडे आले. आणि तो कोडे सोडवतोच असे नाही. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'मध्ये दहा हजार वर्षांपूर्वीच्या युद्धाचा उल्लेख आहे आणि तिन्ही फाट्यांतल्या खुणा एकत्र आहेत. मिठाच्या खड्याच्या वर्णनात प्राचीन समुद्राचा उल्लेख येतो, त्यावरून रसिक म्हणतात, हा बुडालेल्या राज्याचा फाटा. पण 'विंड वेकर'मध्ये ज्या जलचर झोरा लोकांचे पुढे पंखवाले रीटो झाले, ते झोरा इथे रीटोंच्या शेजारी सुखाने राहतात. मग तो फाटा कसा? २०२३ च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'ने तर हायरूलच्या स्थापनेचीच कथा सांगितली. तिथे पहिल्या राजाचे नाव रौरू. १९९८ च्या खेळातल्या वृद्ध ज्ञानी पुरुषाचे नावही रौरू. एक की दोन? ही स्थापना खरोखर पहिली, की जुने राज्य लयाला गेल्यावर झालेली दुसरी? दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांनी मुलाखतीत, आधीचे राज्य एकदा नष्ट झाले असण्याची शक्यता नुसती शक्यता म्हणून बोलून दाखवली आणि दार अर्धे उघडे ठेवले.

कादंबरीच्या किंवा खेळाच्या कर्त्याला असे दार उघडे ठेवण्याचा हक्क आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तो नाही. मुलांच्या मनात ही सीमा पुसट होऊ नये, ही माझी काळजी आहे. ती हवेतली नाही. ज्ञानेश्वरांच्या जन्माविषयी शके ११९३ आणि शके ११९७ अशी दोन मते आहेत, असे मी वर्गात सांगितले तेव्हा अकरावीतला एक मुलगा पटकन म्हणाला, "सर, म्हणजे दोन ज्ञानेश्वर! दोन टाइमलाइन!" बाकीची मुले हसली. मी म्हटले, हसू नका, हे आधी एका मोठ्या माणसाने मांडले आहे. शिवराम एकनाथ भारदे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'भारद्वाज' या नावाने 'सुधारक' पत्रात लिहिले की ज्ञानेश्वरीचा कर्ता वेगळा आणि विठ्ठलभक्तीचे अभंग लिहिणारा ज्ञानदेव वेगळा.

तो मुलगा खूश झाला. मग मी विचारले, "भारद्वाजांनी दोन का मानले? तारखा जुळत नव्हत्या एवढ्यावरून?" आम्ही कारणे काढली. ज्ञानेश्वरीची भाषा जुनी, अभंगांची त्या मानाने नवी. ज्ञानेश्वरीत विठ्ठलाचा जयघोष नाही, अभंगांत तो ओसंडून वाहतो. आपेगाव आणि आळंदी अशा दोन समाध्या. मग उलट बाजू. अभंग लोकांच्या तोंडी गायले गेले, तोंडी गाणाऱ्याची भाषा काळाबरोबर बदलते. ग्रंथ लेखनात राहिला, म्हणून त्याची भाषा टिकली. गीतेवरच्या टीकेत एक सूर असेल आणि पंढरीच्या वाटेवर दुसरा, हेही एकाच माणसाला शक्य आहे. पुढच्या बहुतेक अभ्यासकांनी एकच ज्ञानदेव मानले ते या वजनावर. तास संपला तेव्हा तो मुलगा म्हणाला, "सर, दोन मानायला पुरावा लागतो आणि एक मानायलाही लागतो." भांडण सगळे मराठीत झाले होते. कोणाच्या ते लक्षातही आले नाही.

रविवारच्या वर्गातून मला जे हवे होते ते यात आहे. मुले भाषेकडे पाहत नव्हती, भाषेतून ज्ञानेश्वरांकडे पाहत होती. त्यांनी 'टाइमलाइन' हा शब्द सोडला नाही आणि मी सोडायला सांगितलाही नाही. टेबल आणि स्टेशनसारखा तोही राहील. पण त्याच्या शेजारी कल्पभेद, पाठभेद, प्रक्षेप, प्रमाण, शकावली, बखर असे काम करणारे शब्द येऊन बसले. इंग्रजी शब्द हाकलून त्या जागी मराठी शब्द बसवण्यापेक्षा, ज्या गोष्टीसाठी मुलांकडे शब्दच नव्हता ती गोष्ट मराठी शब्दाने दाखवणे मला जास्त उपयोगाचे वाटते. 'पाठभेद' हा शब्द कळल्यावर एका मुलाने जपानी आणि इंग्रजी आवृत्त्यांतले फरक नोंदवायला वही केली. ते काम तो आधीही करू शकला असता, पण अशी नोंद ठेवणे हे मान्यताप्राप्त काम आहे, मोठमोठ्या माणसांनी त्यात आयुष्य घातले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.

शिक्षक मित्रांना म्हणून दोन-तीन सूचना करतो. विद्यार्थ्याला ज्या काल्पनिक जगाचे वेड आहे त्यातली एक विसंगती त्याला मराठीत मांडायला लावा. मग तिची दोन वेगळी उत्तरे लिहायला सांगा, आणि प्रत्येक उत्तराखाली एक ओळ: हे उत्तर चूक ठरायचे असेल तर काय सापडावे लागेल? रचलेल्या जगात बहुधा त्याला म्हणावे लागेल, काहीच सापडणार नाही, कर्ता ठरवील ते खरे. त्यानंतर तोच प्रश्न भोज आणि तैलपाबाबत विचारा. तिथे तो म्हणेल, ताम्रपट, शिलालेख, तारीख. कल्पना आणि इतिहास यांतला फरक मुलाला या दोन ओळींत स्वतःच्या हाताने लिहिता येतो. त्यासाठी वेगळे प्रवचन लागत नाही.

लेखक मंडळींना एवढेच सांगेन की वाचक विसंगती शोधतो तेव्हा तो तुमचा दोष काढत नसतो. तुमच्या जगात राहायला आलेला असतो. ज्या जगाची जंत्री करावीशी वाटते असे जग मराठीत अलीकडे फारसे कोणी रचत नाही. नाथमाधवांचा वीरधवल वाचून एक पिढी झपाटली होती. पुढच्या पिढीला आपण काय दिले, हे आपण आपल्याला विचारू या.

आणि अकादमीला एक विनंती. या वार्षिकात दर वर्षी चार-पाच पाने विद्यार्थ्यांच्या अशा लेखांसाठी राखून ठेवावीत. विषय त्यांनी निवडावा, मग तो खेळ असो, मालिका असो, की फास्टर फेणे. अट दोनच: मजकूर मराठीत असावा आणि प्रत्येक विधानाला आधार दिलेला असावा. संपादकांनी तो आधार तपासावा, जसा मोठ्यांच्या लेखांचा तपासतात. आमच्या वर्गाची दोन हस्तलिखिते तयार आहेत. त्यांतल्या एकाचे शीर्षक आहे 'रौरू एक की दोन', आणि लेखिकेने निर्णय दोनाच्या बाजूने दिला आहे. मला तो पटलेला नाही. तिला मी माझा आक्षेप लेखी कळवला आहे आणि तिचे उत्तर यायचे आहे.

 आता प्रश्न विचारा. मागच्या रांगांपासून सुरुवात करू.